घटस्फोटानंतर मालमत्तेचा दावा: कौटुंबिक न्यायालय की दिवाणी न्यायालय?

ताई, तुमचा प्रश्न इतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात मांडते. २०२२ मध्ये पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात, लढवलेल्या अर्जात (म्हणजे दोघांच्या संमतीने नव्हे), तुमचा घटस्फोट झाला. कोथरूडचा फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, हप्ते बरेचसे तुमच्या पगारातून गेले आणि राहतात मात्र तुमचे पूर्वपती. कोरेगाव तालुक्यातली जमीन त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे, पण खरेदीची रक्कम तुमच्या खात्यातून गेली. तुमचे दागिने पूर्वीच्या सासूबाईंच्या लॉकरमध्ये आहेत. शिवाय घटस्फोटानंतर, मुलाकडे बघून, तुम्ही त्यांना दुकानासाठी चार लाख रुपये उसने दिलेत. एक वकील सांगतात, "आता तुम्ही नवरा-बायको राहिला नाहीत, म्हणून साध्या दिवाणी कोर्टात जा." दुसरे सांगतात, "घटस्फोटाच्या वेळी मागितलं नाही, आता काहीच मिळणार नाही."

दोन्ही सल्ले चूक आहेत. फ्लॅट, जमीन आणि दागिने हे तिन्ही विषय कौटुंबिक न्यायालयाचे आहेत. चार लाखांचं तेवढं वेगळं आहे, त्याकडे शेवटी येते.

कौटुंबिक न्यायालय अधिनियम १९८४ च्या कलम ७ मध्ये या न्यायालयाकडे कोणते वाद जातात ते स्पष्टीकरणात दिलं आहे. त्यातला खंड (ग) म्हणतो की विवाहातील पक्षकारांमध्ये, दोघांच्या किंवा दोघांपैकी एकाच्या मालमत्तेबाबत असलेला दावा हे न्यायालय ऐकेल. खंड (घ) मध्ये वैवाहिक नात्यातून उद्भवलेल्या परिस्थितीत मागितलेले मनाई हुकूम येतात. आणि कलम ८ सांगतं की ज्या क्षेत्रात कौटुंबिक न्यायालय स्थापन झालं आहे, तिथे या विषयांत जिल्हा न्यायालयाला किंवा त्याखालच्या दिवाणी न्यायालयाला अधिकार उरत नाही. म्हणजे इथे पक्षकाराला पसंतीची मुभा नाही.

मग "विवाहातील पक्षकार" म्हणजे ज्यांचा विवाह आज टिकून आहे तेच का? हा आक्षेप जुना आहे आणि त्याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच दिलं आहे. के. ए. अब्दुल जलील विरुद्ध टी. ए. शाहिदा हे केरळमधलं प्रकरण. मालमत्तेवर पत्नीचा दावा होता, तलाक झालेला होता आणि पतीचं म्हणणं असं की विवाहच संपला तर कौटुंबिक न्यायालयाचा संबंध काय. न्यायालयाने ते मानलं नाही. कायद्याचा हेतू कौटुंबिक वाद एका ठिकाणी, लवकर मिटावेत हा आहे. कलमाचा इतका आखूड अर्थ लावला तर तो हेतूच बाद होईल, असं त्यांनी सांगितलं. विचार केला तर दुसरा अर्थ शक्यही नाही. संसार चालू असताना मालमत्तेसाठी कोर्टात जाणारी जोडपी किती असतात? हे वाद मोडलेल्या संसारातूनच येतात, आणि नेमक्या त्या वेळी न्यायालयाचं दार बंद होणार असेल तर ते कलम लिहिण्यात अर्थच नव्हता.

म्हणून कसोटी एकच धरा: मागणीचं मूळ त्या विवाहात आहे का? दाव्याच्या दिवशी तुम्ही पती-पत्नी होता की नव्हता, याला महत्त्व नाही.

आता "घटस्फोटाच्या वेळी मागितलं नाही" या गैरसमजाबद्दल. याने बायकांचं फार नुकसान होताना मी पाहत आले आहे. तो येतो हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २७ मधून. या कलमाखाली न्यायालय घटस्फोटाच्या हुकूमनाम्यातच (म्हणजे निकालाच्या आदेशातच), विवाहाच्या वेळी किंवा त्या सुमारास दिलेल्या आणि दोघांच्या समाईक असू शकणाऱ्या वस्तूंची विल्हेवाट लावू शकतं. बाळकृष्ण कदम विरुद्ध संगीता कदम या १९९७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ जरा सैल केला: वस्तू विवाहाआधी किंवा नंतर दिलेली असली तरी चालेल, विवाहाशी तिचा संबंध हवा. पण हे कलम हुकूमनाम्याला बांधलेलं आहे, हे खरंच. हुकूमनामा झाल्यावर कलम २७ चा वेगळा अर्ज टिकवणं कठीण. इथपर्यंत तुमचे दुसरे वकील बरोबर आहेत. चूक पुढच्या पायरीवर होते. कलम २७ चं दार बंद झालं म्हणून कलम ७ चं बंद होत नाही. ते स्वतंत्र दाव्याचं दार आहे, त्यात लग्नानंतर दहा वर्षांनी घेतलेला फ्लॅटही येतो, आणि त्याला फक्त मुदतीचा कायदा लागू होतो. मात्र तुमचा घटस्फोटाचा अर्ज आणि निकाल पुन्हा नीट वाचून घ्या. त्यात मालमत्तेचा मुद्दा निघून त्यावर निर्णय झाला असेल तर तोच विषय पुन्हा उघडता येणार नाही. कोणी संमतीने घटस्फोट घेतला असेल तर कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे संमतीच्या लेखी अटींमध्ये, "यापुढे एकमेकांवर कोणताही हक्क-मागणी राहिलेली नाही" असं वाक्य बहुतेक वेळा असतंच. सही करताना ते कोणी वाचत नाही.

त्याच अनुषंगाने एक वेगळी गोष्ट. संमतीच्या अटींत पतीने फ्लॅट नावावर करून द्यायचं कबूल केलं आणि नंतर टाळाटाळ केली, तर नवा दावा लावू नका. तो हुकूमनामा आहे, त्याची दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, त्याच कौटुंबिक न्यायालयात द्यायची. मनाई हुकूम वगळता दरखास्तीला बारा वर्षांची मुदत असते. नवा दावा केला तर दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ४७ आडवं येतं आणि दोन-तीन वर्षं फुकट जातात. नोंदणीचं पण बघावं लागतं: अटींतली स्थावर मिळकत मूळ अर्जाचा विषय नसेल तर तडजोडीच्या हुकूमनाम्याची नोंदणी करावी लागते, हे नोंदणी अधिनियमाच्या कलम १७(२)(सहा) मध्ये आहे. अटी लिहितानाच मिळकतीचा उल्लेख अर्जात दुरुस्ती करून घेतला तर पुढचा त्रास वाचतो.

तुमच्या दागिन्यांकडे येऊ. पाटल्या, तोडे, ठुशी, माहेरहून आलेलं आणि सासरहून अंगावर घातलेलं, हे स्त्रीधन आहे आणि त्याची मालकीण एकटी तुम्ही. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रतिभा राणी प्रकरणातल्या १९८५ च्या निकालापासून हे पक्कं आहे. अलीकडचा दाखला २०२४ चा, माया गोपीनाथन विरुद्ध अनूप. पत्नीचं म्हणणं असं होतं की लग्नाच्या पहिल्याच रात्री पतीने सगळं सोनं सुरक्षित ठेवायला म्हणून घेतलं, आईकडे दिलं आणि पुढे त्यातून कर्जं फेडली. दावा कौटुंबिक न्यायालयात होता आणि तिथे निकाल पत्नीच्या बाजूने लागला होता. उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला होता. सर्वोच्च न्यायालयाने पत्नीला २५ लाख रुपये द्यायला सांगितलं. त्यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते पुराव्याबद्दलचं म्हणणं. अशा वादात फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा मागायचा नाही, कोणाची बाजू अधिक संभवनीय वाटते ते पाहायचं. नवी नवरी दागिने देताना नवऱ्याकडून पावती लिहून घेत नाही, हे शेवटी न्यायालयालाही कळतं.

कौटुंबिक न्यायालयाचा फायदा इथेच दिसतो. कलम १४ प्रमाणे हे न्यायालय वाद सोडवायला उपयोगी पडेल असं कोणतंही कागदपत्र, निवेदन किंवा माहिती पाहू शकतं, मग ती पुराव्याच्या कायद्याच्या चौकटीत बसो वा न बसो. लग्नाचा अल्बम, सोनाराची बिलं, बारशाचे फोटो, सासूबाईंचा "लॉकरमध्ये ठेवलंय गं सगळं" असा व्हॉट्सअॅप संदेश, हे सगळं तारखेवार लावून ठेवा. मोबाईलवरच्या गोष्टींना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडलं तर वाद उरत नाही. सवलत आहे म्हणून ते टाळू नका. मागणी करताना "वस्तू परत द्याव्यात, नाहीतर निकालाच्या दिवशीच्या भावाने किंमत द्यावी" असंच लिहा. सोन्याचा भाव दाव्याच्या दिवसाचा धरला गेला की काही वर्षांनी हातात येणारी रक्कम अपुरी पडते.

आता सासूबाईंचं काय? कायद्याचे शब्द "विवाहातील पक्षकारांमध्ये" असे आहेत आणि त्या विवाहातील पक्षकार नाहीत. यावर वेगवेगळ्या उच्च न्यायालयांचं मत एकसारखं नाही, म्हणून समोरचे वकील हा आक्षेप घेणारच. माझी पद्धत अशी की मुख्य मागणी पूर्वपतीविरुद्ध ठेवायची आणि सासूबाईंना, वस्तू त्यांच्या ताब्यात आहेत म्हणून, आवश्यक पक्षकार करायचं. त्यांनी स्वतःची मालकी सांगितली नाही, नुसतं सांभाळायला घेतलं, तर वाद मुळात तुम्हा दोघांचाच राहतो. पण ज्या घरावर सासू किंवा दीर स्वतःच्या खरेदीखताने स्वतंत्र मालकी सांगतात, तिथे मालकीचा निर्णय दिवाणी न्यायालयाकडे न्यावा लागण्याची शक्यता मोठी आहे. ते प्रकरण ओढूनताणून कौटुंबिक न्यायालयात नेऊ नये.

स्त्रीधनासाठी आणखी एक मार्ग आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली न्यायदंडाधिकारी कलम १९(८) प्रमाणे स्त्रीधन परत करण्याचा आदेश देऊ शकतात. जुवेरिया पटणी प्रकरणात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की घटस्फोटापूर्वी घडलेल्या हिंसाचाराबद्दल घटस्फोटानंतरही दाद मागता येते. शिवाय त्या कायद्याच्या कलम २६ मुळे हीच मागणी कौटुंबिक न्यायालयातल्या दाव्यातही करता येते. माझं मत विचाराल तर फ्लॅट आणि जमिनीचा दावा करायचाच आहे तर दागिनेही त्यातच घ्या. दोन कोर्टांत दोन तारखा, दोन वकील, आणि एका ठिकाणी दिलेली साक्ष दुसरीकडे तुमच्याच विरुद्ध वापरली जाणं, हे टाळता येतं. मात्र दावा तुमच्याच नावाने असू द्या. वडिलांनी तुमच्या वतीने, तुमच्या अधिकारपत्राशिवाय मागणी केली तर ती टिकत नाही. मुलगी अमेरिकेत घटस्फोटित झालेली आणि वडिलांनी इथे स्त्रीधनासाठी फिर्याद दिलेली, असं तेलंगणातलं प्रकरण २०२४ मध्ये याच कारणाने रद्द झालं.

फ्लॅटचा दावा त्या मानाने सरळ आहे. तुमचा हिस्सा ठरवून मागा, वाटप मागा, आणि निकाल लागेपर्यंत विक्री किंवा गहाण थांबवणारा मनाई हुकूम मागा. दावा दाखल झाल्याबरोबर लिस पेंडन्सची, म्हणजे मिळकतीवर दावा चालू असल्याची, नोटीस नोंदवा. दोघांची नावं आहेत म्हणून हिस्सा आपोआप निम्मा-निम्मा होत नाही, आणि हप्ते तुम्ही भरलेत म्हणून तो आपोआप पूर्ण तुमचाही होत नाही. करारात काय लिहिलंय आणि पैसा कुठून आला ते दाखवावं लागेल. दोन खोल्यांच्या फ्लॅटचे भिंत घालून भाग होत नाहीत. तिथे वाटप अधिनियम १८९३ कामी येतो: एकाने विक्रीची मागणी केली तर दुसऱ्याला न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला तो हिस्सा विकत घेता येतो. बहुतेक प्रकरणं शेवटी याच ठिकाणी येऊन मिटतात.

बँक मात्र या सगळ्यापासून बाजूला आहे. कर्ज दोघांच्या नावावर असेल तर कौटुंबिक न्यायालय तुमच्या दोघांत कोणी किती सोसायचं ते ठरवेल, बँकेचा वसुलीचा हक्क त्याने थांबत नाही. सोसायटीचंही तसंच. सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवायला नकार दिला, तर तो संस्थेशी असलेला वेगळा वाद असतो आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली सोडवावा लागतो. पण मालक कोण हे तिथे ठरत नाही.

कोरेगावच्या जमिनीत दोन अडचणी आहेत. पहिली बेनामीची. "पैसे तुमचे, नाव त्यांचं, म्हणजे बेनामी व्यवहार, दावाच चालणार नाही" असं उत्तर येईल. २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्यातच अपवाद आहे: व्यक्तीने आपल्या जोडीदाराच्या किंवा अपत्याच्या नावावर, ज्ञात उत्पन्नातून केलेली खरेदी बेनामी ठरत नाही. तो अपवाद पुल्लिंगी भाषेत लिहिलेला असला तरी कायद्याच्या अर्थाच्या सर्वसाधारण नियमाने पत्नीलाही लागू होतो. म्हणून तुमच्या पगाराच्या खात्याचा उतारा आणि खरेदीखतात नमूद केलेला चेक क्रमांक, ही जोडी सापडली पाहिजे. पासबुक हरवलं असेल तर बँकेकडून जुना उतारा आताच मागवा, उशीर झाला की मिळणं अवघड होतं.

दुसरी अडचण हद्दीची. घटस्फोट कुठे झाला यावरून मालमत्तेच्या स्वतंत्र दाव्याची जागा ठरत नाही. स्थावर मिळकतीचा दावा ती जिथे आहे तिथल्या न्यायालयात, हा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १६ चा नियम. मिळकती दोन न्यायालयांच्या हद्दींत असतील आणि दावा एकाच कारणातून आला असेल तर कलम १७ दोन्हीपैकी एका ठिकाणी सगळं एकत्र आणू देतं. तुमच्या बाबतीत पुण्यात सगळं एकत्र करण्याचा मी प्रयत्न करीन, पण दोन्ही खरेद्या एकाच संसाराच्या पैशातून कशा झाल्या हे दाव्यात नीट मांडावं लागेल. आणि ज्या तालुक्यापर्यंत कौटुंबिक न्यायालयाची अधिसूचित हद्द पोहोचतच नाही, तिथल्या लोकांना नेहमीचं दिवाणी न्यायालय खुलं आहे. कलम ८ ची बंदी कौटुंबिक न्यायालय असलेल्या क्षेत्रापुरतीच आहे.

चुकीच्या कोर्टात गेलं तर काय होतं? हद्दीची किंवा रकमेची चूक असेल तर समोरच्याने आक्षेप लगेच घ्यावा लागतो, नाहीतर तो हक्क जातो. विषयाचाच अधिकार नसेल तर तसं नाही. किरण सिंग विरुद्ध चमन पासवान या १९५४ च्या निकालापासून कायदा स्पष्ट आहे: असा हुकूमनामा मुळातच शून्य असतो आणि तो मुद्दा दरखास्तीतही काढता येतो. म्हणजे दिवाणी कोर्टात सात वर्षं लढून जिंकायचं आणि ताबा घ्यायला बेलिफ गेला की आक्षेप यायचा. आधी लक्षात आलं तर दावा परत मिळतो आणि योग्य कोर्टात नेता येतो. पण २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्याप्रमाणे नव्या कोर्टात काम पहिल्यापासून चालतं, झालेला पुरावाही पुन्हा द्यावा लागतो. मुदतीच्या कायद्याच्या कलम १४ खाली वाया गेलेला काळ वगळून मिळतो, तो सद्भावनेने आणि नेटाने काम चालवलं असेल तरच.

कौटुंबिक न्यायालयाला रकमेची मर्यादा नाही, पाच लाखांचा वाद असो की पाच कोटींचा. मुंबईत लोक इथे गोंधळतात, कारण तिथे साध्या दाव्यांसाठी शहर दिवाणी न्यायालय की उच्च न्यायालय हे रकमेवर ठरतं. महाराष्ट्र शासनाच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेमुळे विवाहातून उद्भवलेल्या मालमत्तेच्या वादात स्त्री-पक्षकाराला कोर्ट फी माफ आहे. दाव्यात तसा परिच्छेद घाला. वकील हा इथे हक्क म्हणून नसतो, न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते, ती बहुधा मिळते. समुपदेशकाकडे पाठवतील तेव्हा चिडू नका. फ्लॅटची किंमत ठरवून मोकळं होण्याची बोलणी मी त्या टेबलावर यशस्वी होताना पाहिली आहेत. निकालाविरुद्ध अपील थेट उच्च न्यायालयात, दोन न्यायमूर्तींपुढे, ३० दिवसांत.

परदेशातल्या वाचकांपुरतं: अमेरिकेतल्या कोर्टाने घटस्फोट देताना पुण्यातल्या फ्लॅटची वाटणीही करून दिली असली, तरी तो कागद इथे थेट बजावता येत नाही, कारण संहितेच्या कलम ४४-अ खालच्या देशांच्या यादीत अमेरिका नाही. फ्लॅटसाठी इथेच दावा करावा लागेल. गोव्याचं गणित मुळातच निराळं आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर तिथे पती-पत्नीची मालमत्ता समाईक धरली जाते आणि तिची वाटणी इन्व्हेंटरी प्रोसीडिंगने, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटप करणाऱ्या कोर्टाच्या कामाने, होते. वर लिहिलेलं तिथे जसंच्या तसं लावू नका.

राहिले चार लाख. ते तुम्ही विवाह संपल्यावर, दुकानासाठी, उसने म्हणून दिलेत. त्याचं मूळ विवाहात नाही; हाच व्यवहार शेजाऱ्याशी झाला असता तर जसा असता तसाच हा आहे. तो साधा वसुलीचा दावा आहे, दिवाणी न्यायालयात लावा. बाकीच्या दाव्यात मिसळलात तर समोरच्याला सबंध दाव्यावर अधिकाराचा आक्षेप घ्यायला आयतं कारण मिळेल. मुदत पैसे दिल्याच्या तारखेपासून तीन वर्षं. तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं होऊन गेली, आणि त्यांनी मधे ४० हजार परत केले. नुसत्या बँकेतल्या जमेने मुदत वाढेल असं धरून बसू नका. ती परतफेड किंवा शिल्लक कबूल करणारं, त्यांच्या सहीचं लेखी काही मुदतीच्या आत मिळालं तरच नवी तीन वर्षं सुरू होतात. तसं मिळत नसेल तर नोटीस पाठवून हा दावा सगळ्यात आधी लावा. फ्लॅटच्या कागदांसाठी त्याला थांबवून ठेवू नका.